अपडेट का अडते? संगणकातील मूळ फाइलीचे महत्त्व

यंत्र कितीही सोयीचे असले, तरी त्याच्या देखभालीचा भार कोणाला तरी वाहावाच लागतो. भाताच्या गिरणीचा पट्टा तुटला, तर तो डोळ्यांना दिसतो. विहिरीवरचा पंप बिघडला, तर पाणी येईनासे होते आणि दोष लगेच कळतो. संगणकाचे तसे नाही. त्याच्या पोटातील काही दोष महिनोन्महिने सुप्त राहतात आणि ज्या दिवशी काम निकडीचे असते, नेमक्या त्याच दिवशी प्रकट होतात. चालू सॉफ्टवेअरचे अपडेट, म्हणजे सुधारित आवृत्ती, बसवताना मूळ स्थापनेची फाइल न सापडणे हा अशाच दोषांपैकी एक होय.

उत्तर गोव्यातील पेडणे आणि डिचोली या तालुक्यांत आज संगणकावाचून फारशी कामे होत नाहीत. पंचायतीचे दाखले, सहकारी पतसंस्थांची खाती, तुये आणि डिचोली येथील औद्योगिक वसाहतींमधील कारखान्यांचे हिशेब, करसल्लागारांच्या कचेऱ्यांतून भरली जाणारी विवरणपत्रे, ही सारी कामे संगणकावरच उरकली जातात. मोठ्या शहरातील कचेरीत संगणकाची काळजी घेणारा स्वतंत्र माणूस असतो. लहान गावच्या कचेरीत मात्र जो हिशेब लिहितो, त्यालाच यंत्राचे दुखणेही पाहावे लागते. म्हणूनच या दोषाचे मूळ कोठे आहे आणि त्यावर उपाय कोणत्या क्रमाने करावेत, हे सामान्य माणसाने समजून घेणे अगत्याचे आहे.

उदाहरणादाखल जावा या सॉफ्टवेअरचा विचार करता येईल. आयकराची विवरणपत्रे तयार करण्यासाठी अनेक वर्षे जावावर चालणारी साधने वापरली जात असत. त्यामुळे करसल्लागारांच्या संगणकांवर ते हमखास आढळे, आणि जुन्या यंत्रांवर अद्यापही आढळते. एके दिवशी जावाची नवी आवृत्ती आल्याची सूचना पडद्यावर दिसते. कारकून संमती देतो. काम निम्म्यावर येते आणि यंत्र एक चमत्कारिक मागणी करते: जुन्या आवृत्तीची अमुक नावाची फाइल जेथे असेल, ती जागा दाखवा. ती जागा कोणासच ठाऊक नसते. मागणी नाकारली, तर जुनी आवृत्ती काढता येत नाही असा संदेश येतो, आणि नवी आवृत्तीही बसत नाही. पुनःपुन्हा प्रयत्न करूनही तोच अनुभव येतो. गंमत अशी की, जुने जावा या अवधीत पूर्वीप्रमाणेच चालू असते. मग जे चालू आहे, त्याची मूळ फाइल यंत्राला कशाला हवी, असा प्रश्न साहजिकच पडतो.

या प्रश्नाचे उत्तर गोव्यातील जमीनमालकाला चटकन पटेल. जमिनीच्या ‘एक-चौदा’च्या उताऱ्यावर नवे नाव चढवायचे असेल, तर केवळ जमीन आपल्या ताब्यात आहे एवढे सांगून भागत नाही. ती कोणाकडून आणि कोणत्या दस्ताने आली, हे दाखवावे लागते. जमीन कसली जात असते, बागायतीचे उत्पन्न येत असते. परंतु फेरफाराची वेळ आली की मूळ दस्त पुढे ठेवावा लागतो. संगणकातील अपडेट हाही एक प्रकारचा फेरफारच आहे. पूर्वी काय होते, याची खात्रीलायक नोंद हाती असल्याखेरीज यंत्र त्यात बदल करावयास धजत नाही.

विंडोज प्रणालीत ही नोंद ठेवण्याचे काम ‘विंडोज इन्स्टॉलर’ नावाची व्यवस्था करते. मायक्रोसॉफ्ट कंपनीने ती १९९९ साली ‘ऑफिस २०००’ या संचाबरोबर प्रचारात आणली. या व्यवस्थेने बसवलेल्या सॉफ्टवेअरची मुख्य फाइल ‘एमएसआय’ या अक्षरांनी संपते. कोणती फाइल कोठे ठेवावी, कोणती नोंद कोठे करावी आणि पुढे काढताना काय काय उचलावे, याची संपूर्ण यादी तिच्यात असते. सॉफ्टवेअर एकदा बसले की या फाइलीची एक प्रत यंत्र स्वतःजवळ राखून ठेवते. सी ड्राइव्हवरील विंडोज या फोल्डरात ‘इन्स्टॉलर’ नावाचे एक लपविलेले फोल्डर असते, तेच या प्रतींचे दफ्तरखाने होय. शिवाय सॉफ्टवेअर प्रथम कोठून बसवले, ती जागाही यंत्र टिपून ठेवते. पुढे दुरुस्ती, सुधारणा किंवा काढून टाकणे यांपैकी काहीही करावयाचे झाले, तर यंत्र प्रथम दफ्तरखान्यातील प्रत पाहते. ती नसेल किंवा अपुरी असेल, तर मूळ जागेकडे वळते. तेथेही काही हाती लागले नाही, तर वापरणाऱ्याला विचारते. मघाची चमत्कारिक मागणी ती हीच.

ही प्रत नाहीशी होण्याची कारणे बहुधा साधीच असतात. पहिले कारण म्हणजे जागा वाचविण्याची घाई. इन्स्टॉलर फोल्डर कालांतराने फुगत जाते आणि काही गिगाबाइट जागा व्यापते. लहान डिस्कच्या यंत्रावर ते डोळ्यांत भरते. मग कोणी उत्साही माणूस ते निरुपयोगी समजून रिकामे करतो, किंवा सफाईसाठी घेतलेले एखादे सॉफ्टवेअर ते काम परस्पर उरकते. दुसरे कारण म्हणजे मूळ जागाच नाहीशी होणे. सॉफ्टवेअर पेन ड्राइव्हवरून बसवलेले असते आणि तो पेन ड्राइव्ह दुसऱ्याच्या खिशात गेलेला असतो. किंवा डाउनलोड केलेली फाइल काम झाल्यावर पुसून टाकलेली असते. तिसरे कारण विजेचे. पावसाळ्याच्या दिवसांत अपडेट चालू असतानाच वीज गेली, तर फाइल अर्धवट लिहिली जाते किंवा नोंद एक आणि वस्तुस्थिती दुसरी, असा प्रकार होतो.

आता उपायांचा क्रम. सर्वप्रथम पडद्यावरील संदेश शांतपणे वाचून कागदावर उतरवावा. १७०६ किंवा १६१२ हा क्रमांक असेल, तर स्थापनेचे मूळ साधन सापडत नाही असा त्याचा अर्थ. १७१४ असेल, तर जुनी आवृत्ती काढता येत नाही असे समजावे. संदेशात फाइलीचे जे नाव दिलेले असते, त्यातच बहुधा आवृत्तीचा क्रमांक असतो. ते नाव अक्षरशः टिपून घेणे हे अर्धे काम होय.

दुसरी पायरी त्याच नावाची आणि त्याच आवृत्तीची फाइल मिळविण्याची. येथे ‘त्याच’ या शब्दावर भर आहे. नवी आवृत्ती जुनीच्या जागी चालत नाही, कारण यंत्र नाव आणि अंतर्गत ओळख-क्रमांक ताडून पाहते. ही फाइल कंपनीच्या अधिकृत संकेतस्थळावरील जुन्या आवृत्त्यांच्या विभागात शोधावी. भलत्याच ठिकाणाहून ती कधीही घेऊ नये. मिळालेल्या फाइलीच्या गुणधर्मांत ‘डिजिटल स्वाक्षरी’ हा भाग उघडून ती खरोखर त्याच कंपनीची आहे, याची खात्री करून घ्यावी. नंतर यंत्राने विचारताच ती जागा दाखवावी. बहुतेक प्रसंगी गाडी येथेच रुळावर येते.

या टप्प्यावर एक मोह हमखास होतो. शेजारच्या टेबलावरील यंत्रात तेच सॉफ्टवेअर सुरळीत आहे, तर त्याच्या दफ्तरखान्यातील प्रत उचलून आपल्याकडे ठेवावी, असे वाटते. हा मार्ग फसवा आहे. प्रत्येक यंत्र या प्रतींना स्वतःच्या सोयीने वेगवेगळी नावे देते आणि नोंदही त्याच नावाची ठेवते. एका यंत्रावरून दुसऱ्यावर प्रती उचलून भागत नाही, असे मायक्रोसॉफ्टनेही स्पष्ट केले आहे. शेजाऱ्याचा दस्त आपल्या जमिनीला लागू पडत नाही, तसाच हा प्रकार. हरवलेल्या दस्ताची नक्कल ज्याप्रमाणे निबंधकाच्या कचेरीतूनच आणावी लागते, त्याप्रमाणे मूळ फाइलही तिच्या कर्त्याकडूनच आणली पाहिजे.

मूळ फाइल मिळालीच नाही, तर तिसरी पायरी. जुन्या सॉफ्टवेअरच्या अडकून पडलेल्या नोंदी काढून टाकाव्या आणि नवी आवृत्ती स्वच्छ पाटीवर बसवावी. या कामासाठी मायक्रोसॉफ्टने स्वतंत्र साधन तयार केले आहे, आणि जावासाठी ओरॅकल कंपनीचेही तसे साधन आहे. मात्र नोंदी हाताने खोडण्याचे धाडस जाणकाराने करावे, इतरांनी करू नये. मायक्रोसॉफ्टचे याच कामासाठी पूर्वी दिलेले एक साधन इतर सॉफ्टवेअरला अपाय करू लागल्याने २०१० साली मागे घ्यावे लागले, एवढ्यावरून या कामातील जोखीम ध्यानात येईल. दफ्तरखान्यातील पुष्कळ प्रती एकदम नष्ट झाल्या असतील, तर आधी घेतलेल्या बॅकअपमधून संपूर्ण यंत्र पूर्वस्थितीला आणणे हाच खात्रीचा मार्ग उरतो. बॅकअप नसेल, तर प्रणाली नव्याने बसवावी लागते.

कधी कधी अडचण एखाद्या सॉफ्टवेअरची नसून खुद्द विंडोजच्या अपडेटची असते. ‘०एक्स८००एफ०८१एफ’ हा क्रमांक दिसला, तर दुरुस्तीसाठी लागणारे मूळ घटक सापडत नाहीत असा त्याचा अर्थ. विंडोज आपल्या घटकांचा स्वतंत्र साठा बाळगते. तो तपासून दुरुस्त करण्यासाठी ‘डिसम’ आणि प्रणालीच्या फाइली तपासण्यासाठी ‘एसएफसी’, अशा दोन आज्ञा प्रणालीतच दिलेल्या आहेत. प्रथम पहिली, मग दुसरी, असा क्रम ठेवावा. इंटरनेटवरून घटक मिळाले नाहीत, तर त्याच आवृत्तीची विंडोजची पूर्ण प्रत जोडून तेथून ते घेण्याची आज्ञा देता येते. तत्त्व पुन्हा तेच आहे: दुरुस्तीला मूळ लागते.

लिनक्स प्रणाली वापरणाऱ्यांचाही या प्रश्नातून पूर्ण सुटका होत नाही; फक्त त्याचे रूप बदलते. तेथे सॉफ्टवेअर सामायिक भांडारातून येते. यंत्राजवळची यादी जुनी झाली, किंवा त्या आवृत्तीचे आयुष्य संपून भांडार दुसरीकडे हलवले गेले, तर यादीतील फाइल जागेवर सापडत नाही आणि अपडेट थांबते. यादी ताजी करणे आणि आयुष्य संपलेली आवृत्ती बदलणे, हा त्यावर उपाय होय.

एवढा खटाटोप कशासाठी, जुने चालते आहे तर चालू द्यावे, असे कोणी म्हणेल. त्याला २०१७ सालच्या घटनेने उत्तर दिले आहे. त्या वर्षी १४ मार्च रोजी मायक्रोसॉफ्टने विंडोजमधील एक उणीव बुजवणारे अपडेट प्रसिद्ध केले. त्यानंतर दोन महिन्यांच्या आतच, १२ मे रोजी, ‘वॉनाक्राय’ नावाच्या घातक आज्ञावलीने त्याच उणिवेतून शिरकाव केला आणि सुमारे दीडशे देशांतील दोन लाखांहून अधिक संगणक वेठीस धरले. ब्रिटनमधील रुग्णालयांना रुग्णांच्या ठरलेल्या भेटी रद्द कराव्या लागल्या. ज्यांनी अपडेट वेळेवर बसवले होते, त्यांची यंत्रे त्या उणिवेपुरती सुरक्षित राहिली. पतसंस्थेच्या संगणकात गावकऱ्यांच्या ठेवींचे हिशेब असतात आणि पंचायतीच्या संगणकात लोकांच्या जन्म-मृत्यूच्या नोंदी असतात. तेथे अडलेले अपडेट म्हणजे कडी न लागणारे दार होय.

उपचारापेक्षा पथ्य सोपे, ही म्हण येथेही लागू पडते. जे जे सॉफ्टवेअर बसवले जाईल, त्याची संपूर्ण स्थापना-फाइल दुसऱ्या ड्राइव्हवर जपून ठेवावी. नाव, आवृत्ती, बसविल्याची तारीख आणि परवान्याचा क्रमांक एका वहीत लिहून ठेवावा. जागा कमी पडली, तर विंडोजच्या स्वतःच्या सफाई-साधनाचा उपयोग करावा. ते इन्स्टॉलर फोल्डराला हात लावत नाही. अपडेट बसवताना यंत्र इन्व्हर्टरवर किंवा यूपीएसवर असावे आणि मध्येच बंद करू नये. विवरणपत्राची मुदत किंवा निविदेचा शेवटचा दिवस अपडेटसाठी कधीही निवडू नये. महिन्यातून एखादा निवांत दिवस त्यासाठी राखून ठेवणे उत्तम.

जुन्या घरांतून जमिनीचे दस्त पेटीत घालून, वाळवीपासून जपून पिढ्यान्‌पिढ्या राखले गेले. ते रोज लागत नसत. परंतु ज्या दिवशी लागत, त्या दिवशी त्यांच्यावाचून चालत नसे. संगणकातील मूळ फाइलीची योग्यता तीच आहे. ती जपणाऱ्या कचेरीत अपडेट हे दहा मिनिटांचे काम ठरते. न जपणाऱ्या कचेरीत ते कोणाचा तरी संपूर्ण दिवस खाते, आणि दाराशी दाखल्यासाठी उभा असलेला माणूस हात हलवीत घरी परततो.