स्पर्धा सोळा दिवसांची, परतफेड तीस वर्षांची

एखाद्या शहराला मोठ्या क्रीडास्पर्धेचे यजमानपद मिळाले की तेथे उत्साहाला उधाण येते. भव्य स्टेडियम, रुंद रस्ते, पर्यटकांची वर्दळ आणि जगाच्या नकाशावर झळकणारे नाव, अशी स्वप्ने रंगू लागतात. या उत्साहात गैर काहीच नाही. मात्र कर्ज देताना वा घेताना सुज्ञ माणूस जो प्रश्न प्रथम विचारतो, तो अशा वेळी बहुधा मागे पडतो. स्पर्धा संपल्यावर ही वास्तू काय मिळवून देईल आणि तिचा खर्च कोण सोसेल? २०३० च्या राष्ट्रकुल क्रीडास्पर्धा अहमदाबादला भरवण्याचा निर्णय नोव्हेंबर २०२५ मध्ये झाल्यामुळे हा प्रश्न आता आपल्याही दाराशी आला आहे. त्याचा विचार करताना मॉन्ट्रियल आणि मँचेस्टर या दोन शहरांचा अनुभव उद्बोधक ठरतो.

मॉन्ट्रियलचा धडा

कॅनडातील मॉन्ट्रियल शहरात १९७६ च्या उन्हाळ्यात ऑलिंपिक स्पर्धा झाल्या. त्यासाठी उघडझाप होणारे छत आणि ते पेलणारा कललेला उंच मनोरा, अशा स्टेडियमची योजना आखण्यात आली. गुंतागुंतीचा आराखडा, कामगारांचे संप आणि त्या काळातील महागाई यांमुळे खर्च हाताबाहेर गेला. उद्घाटनाच्या दिवशी मनोरा अर्धवटच होता. तो पूर्ण होण्यास १९८७ साल उजाडले.

स्पर्धा १६ दिवसांत संपल्या. कर्ज मात्र मागे राहिले. त्याच्या फेडीसाठी क्विबेक प्रांतात तंबाखूवर विशेष कर बसवण्यात आला आणि २००६ मध्ये, म्हणजे तब्बल ३० वर्षांनी, कर्ज फिटले. व्याजासह हा भार सुमारे १५० कोटी कॅनेडियन डॉलर झाला होता. गोल आकारामुळे या स्टेडियमला 'बिग ओ' म्हणत. इंग्रजीत याच उच्चाराच्या एका शब्दाचा अर्थ 'देणे लागणे' असा होतो. त्यामुळे नागरिकांनी ते नाव 'मोठे देणे' अशा अर्थाने उपरोधाने घेण्यास सुरुवात केली.

कर्ज फिटले तरी खर्च थांबला नाही. १९७७ पासून तेथे खेळणारा बेसबॉलचा व्यावसायिक संघ २००४ च्या हंगामानंतर वॉशिंग्टनला गेला आणि नियमित भाडेकरू गमावला गेला. छत वारंवार फाटत राहिले. १९९९ मध्ये बर्फाच्या भाराने त्याचा काही भाग कोसळला. २०२४ मध्ये प्रांत सरकारने नव्या छतासह दुरुस्तीसाठी ८७ कोटी डॉलरची योजना जाहीर केली. स्टेडियम पाडायचे म्हटले तर सुमारे २०० कोटी डॉलर लागतील, असे सरकारने त्या वेळी सांगितले. याच संकुलातील सायकल शर्यतींच्या वास्तूचे मात्र १९९२ मध्ये प्राणी व वनस्पतींच्या प्रदर्शनात रूपांतर झाले आणि ते लोकप्रिय ठरले. दोष केवळ बांधण्यात नव्हता, पुढील उपयोगाचा विचार न करण्यात होता, हे यावरून ध्यानात येते.

मँचेस्टरचा विचार

इंग्लंडमधील मँचेस्टर शहराने २००२ च्या राष्ट्रकुल स्पर्धांसाठी बांधलेल्या स्टेडियमबाबत हा विचार आधीच केला होता. स्पर्धेनंतर ते मँचेस्टर सिटी या फुटबॉल संघाने भाड्याने घ्यावे, असे ठरले. स्पर्धा आटोपताच धावण्याचा मार्ग काढून मैदान खोल करण्यात आले, तेथे वाढीव आसने बसली आणि २००३ पासून संघ तेथे खेळू लागला. मालकी नगर परिषदेकडे राहिली, तिला भाडे मिळू लागले आणि देखभालीचा भार संघावर गेला. जुन्या खाणीची जागा असलेल्या त्या उपेक्षित परिसरात पुढे २०१३ मध्ये ट्राम पोहोचली. २००८ मध्ये संघाला धनाढ्य मालक लाभले, हा भाग दैवाचा खरा. पण रिकाम्या स्टेडियमचे संकट त्यापूर्वीच टळले होते.

आकडे काय सांगतात?

एक काल्पनिक उदाहरण घेऊ. ५०० कोटी रुपयांचे स्टेडियम ९ टक्के व्याजाच्या कर्जातून उभारले, तर पहिल्या वर्षाचे केवळ व्याजच ४५ कोटी रुपये होते. वर्षात २० दिवस कार्यक्रम झाले, तर प्रत्येक दिवसावर व्याजाचा भार सव्वादोन कोटींचा; १५० दिवस झाले, तर ३० लाखांचा. मुद्दल, वीज, देखभाल हे सारे त्याखेरीज. रोख्यांतून पैसा उभारला काय किंवा करांतून, भार नागरिकांवरच येतो.

'प्रेक्षक येतील, खर्च करतील, शहराची भरभराट होईल' हा युक्तिवादही तपासून पाहावा लागतो. सामन्यावर खर्च करणारे स्थानिक कुटुंब त्या महिन्यात बहुधा चित्रपट वा उपाहारगृहावरील खर्च आवरते. पैसा नव्याने निर्माण होत नाही, केवळ जागा बदलतो. रॉजर नोल आणि अँड्र्यू झिम्बालिस्ट या अर्थशास्त्रज्ञांनी १९९७ मध्ये संपादित केलेल्या अमेरिकी स्टेडियमांच्या अभ्यासातही स्थानिक विकासाला लक्षणीय हातभार लागल्याचे आढळले नाही. बाहेरून येणाऱ्या पाहुण्यांचा खर्च ही मात्र खरी भर असते. परंतु ती स्पर्धेच्या काळापुरती.

पायाभरणीपूर्वीचे तीन प्रश्न

याचा अर्थ स्टेडियम बांधूच नयेत, असा नव्हे. खेळाडूंना सुविधा हव्यात आणि शहराचा अभिमान रुपयांत मोजता येत नाही. परंतु अभिमानाची किंमत ठाऊक असावी. बँकेत प्रकल्पकर्जाचा अर्ज आला की आम्ही उत्पन्नाचा स्रोत, खर्चवाढीची तरतूद आणि परतफेडीचे दायित्व पाहतो. स्टेडियमबाबतही हेच तीन प्रश्न नागरिकांनी विचारावेत. स्पर्धेनंतरचा नियमित वापरकर्ता ठरला आहे काय? खर्च वाढल्यास भार कोणावर? आणि देखभालीचा निधी दरवर्षी कोठून येणार?

यांची उत्तरे पायाभरणीपूर्वी मिळाली, तर स्टेडियम शहराची मालमत्ता ठरते. न मिळाल्यास ते ताळेबंदाच्या दायित्वाच्या बाजूला जाऊन बसते. मॉन्ट्रियलमध्ये १९७६ साली जन्मलेल्या मुलाच्या तिशीपर्यंत हे देणे चालू होते. आपल्या मुलांच्या नावे असे देणे ठेवायचे की नाही, याचा निर्णय योजना कागदावर असतानाच घ्यावा लागेल.