टॉवरच्या पायाखालचं तेर

आजचा प्रश्न असा: धाराशिव जिल्ह्यातल्या तेरमध्ये मोबाइल टॉवर उभारायचा, तर आधी काय तपासायचं? तेर म्हणजे जुनं तगर. इथलं कापड गाड्यांतून भडोचला जायचं, असं पहिल्या शतकातल्या 'पेरिप्लस' या ग्रीक पुस्तिकेत आहे.

१९५८च्या केंद्रीय कायद्यात २०१०ला दुरुस्ती झाली. केंद्र-संरक्षित स्मारकाच्या हद्दीपासून १०० मीटरपर्यंत नवं बांधकाम बंद, पुढच्या २०० मीटरमध्ये परवानगी लागते. आम्हा सॉफ्टवेअरवाल्यांना सोपं वाटतं: नकाशावर अंतर मोजा, झालं! पण हे यादीतल्या स्मारकांपुरतंच. तेरचा इतिहास पांढरीच्या टेकाडांत गाडलेला आहे. मणी, खापरं, मातीच्या मूर्ती तिथूनच निघाल्या. टॉवरच्या पायाला खोल खड्डा लागतो. जेसीबी लागला की थर एकमेकांत मिसळतात, मग कुठली वस्तू कुठल्या काळातली हे सांगता येत नाही. म्हणून आधी जाणकाराने जमीन पायी फिरून खापरं बघावीत, गरज वाटली तर पुरातत्त्ववाल्यांनी चाचणीखड्डा घ्यावा. शंका आलीच तर टॉवर शेजारच्या रानात सरकवा. पन्नासेक मीटरने रेंजला फारसा फरक पडत नाही.

आणि खोदताना काही सापडलं तर? १८७८च्या निखात निधी कायद्याप्रमाणे दहा रुपयांहून जास्त किमतीचा ठेवा जिल्हाधिकाऱ्यांना कळवावा लागतो. हो, दहाच रुपये!