उत्तर काढण्याआधी: उत्तर आहे का?

मागच्या व्याख्यानात आपण एका चलाची समीकरणं सोडवली. आज आपण एक पाऊल मागे जाणार आहोत. समीकरण म्हणजे मुळात एक प्रश्न: क्ष च्या जागी कोणती संख्या ठेवली, तर दोन्ही बाजू सारख्या होतील? आणि प्रश्न विचारला म्हणजे त्याला उत्तर असतंच, असं नाही.

आधी सरळ उदाहरण घेऊ. ३क्ष + ५ = २०. दोन्हीकडून ५ वजा केले, ३ ने भागलं; क्ष = ५. ताळा करू: १५ + ५ = २०. जमलं.

आता हे बघा: ३(क्ष + २) = ३क्ष + ८. कंस सोडवला की ३क्ष + ६ = ३क्ष + ८. दोन्हीकडून ३क्ष काढले, तर उरलं काय? ६ = ८. इथं बरीच मुलं खोडरबर शोधायला लागतात. ‘आपलंच काहीतरी चुकलं’ असं त्यांना वाटतं. पण चुकलेलं काहीच नाही! एखादी संख्या या समीकरणात बसली असती, तर ६ आणि ८ समान झाले असते. ते होत नाहीत, म्हणून अशी संख्याच नाही. ही सिद्धता झाली. ‘मला उत्तर येत नाही’ आणि ‘याला उत्तर नाही’ या दोन अगदी वेगळ्या गोष्टी आहेत.

उजवीकडे ८ ऐवजी ६ असते, तर ६ = ६ उरलं असतं. म्हणजे कोणतीही संख्या चालेल. थोडक्यात, समीकरण अक्ष = ब या रूपात आणायचं. अ शून्य नसेल तर नेमकं एकच उत्तर. अ शून्य आणि ब शून्य नसेल तर उत्तर नाही. दोन्ही शून्य असतील तर सगळ्याच संख्या उत्तरं.

पण उत्तर कुठल्या संख्यांमध्ये शोधतोय, हेही बघावं लागतं. ६ रुपयांची पेन्सिल, ९ रुपयांची वही. बरोबर १०० रुपये खर्च करायचेत. ६क्ष + ९य = १००. अपूर्णांक चालत असतील तर उत्तरं हवी तेवढी. पण अर्धी वही कोण विकणार? पूर्णांक घेतले, तर डावी बाजू नेहमी ३ च्या पटीत येते, आणि १०० ला ३ ने भाग जात नाही. संपलं. १०२ रुपये असते तर? १४ पेन्सिली, २ वह्या: ८४ + १८ = १०२.

६ आणि ९ यांचा मसावि ३. त्यानं उजव्या बाजूला भाग गेला पाहिजे, एवढीच अट. भास्कराचार्यांनी ११५० मध्ये लिहिलेल्या ‘लीलावती’त कुट्टकाच्या प्रकरणात ही अट सुरुवातीलाच येते. ती पाळली जात नसेल, तर ते प्रश्नालाच ‘दुष्ट’ म्हणतात. दोष सोडवणाऱ्याचा नाही, प्रश्नाचा!

त्यांच्याच ‘बीजगणित’ ग्रंथात माकडांच्या कळपाचं एक उदाहरण आहे. कळपाचा पाचवा भाग घ्या, त्यातून ३ वजा करा, जे येईल त्याचा वर्ग करा. तेवढी माकडं गुहेत गेली. एक झाडावर दिसतंय. एकूण किती? समीकरण सोडवलं की दोन उत्तरं येतात, ५० आणि ५. पन्नासचा ताळा: १० − ३ = ७, वर्ग ४९, अधिक १, झाले ५०. पाचचा: १ − ३ = −२, वर्ग ४, अधिक १, झाले ५. समीकरणाला दोन्ही चालतात. पण एका माकडातून तीन माकडं वजा कशी करणार? म्हणून भास्कराचार्य ५ हे उत्तर घेत नाहीत.

तेव्हा ताळा दोनदा करायचा: एकदा समीकरणात, एकदा मूळ प्रश्नात.

जाता जाता घरचा अभ्यास. १२क्ष + १८य = १०० आणि १२क्ष + १८य = १०२. सोडवू नका, पूर्णांकांत उत्तर आहे की नाही, आणि का, एवढंच सांगा. पुढच्या वेळी तिथूनच सुरुवात करू.