शब्द दिला तो फोनला

२०१६ साली गुगलने एक जाहिरात काढली होती. माणसं काहीतरी छान टिपायला जातात आणि ऐन वेळी फोनवर पाटी झळकते : जागा संपली. यावर उपाय काय, तर अर्थातच गुगल फोटोज. त्याच ऑक्टोबरात पहिला पिक्सेल फोन आला, तो मोठं आश्वासन घेऊनच. या फोनवरून चढवाल ते फोटो, ते व्हिडिओ, मूळ दर्जात, कितीही आणि फुकट. त्या गोष्टीला आता दहा वर्षं होत आली. ‘जागा संपली’ची पाटी हल्ली कोण दाखवतं, हे ज्याचा जीमेल भरलाय त्याला वेगळं सांगायला नको.

माझं डोकं फिरलं ते २०२४मध्ये. अँड्रॉइडवरचा व्हॉट्सअ‍ॅपचा बॅकअप काही वर्षं गुगलच्या हिशेबात धरला जात नव्हता. तो धरला जाऊ लागला. म्हणजे आत्याची रोजची सुप्रभातं, सोसायटीच्या गळक्या टाकीचे चारी बाजूंनी काढलेले फोटो आणि बँकेची महत्त्वाची मेल, सगळे एकाच १५ जीबीत कोंबायचे. ही १५ जीबीची फुकट कोठी २०१३पासून तेवढीच आहे. त्या काळात आपले कॅमेरे कुठल्या कुठे गेले. आज ४के व्हिडिओ सहज मिनिटाला साडेतीनशे एमबी खातो. म्हणजे मंगलाष्टकं, सप्तपदी आणि विहिणींचे रुसवे मिळून पाऊण तासाचं चित्रण झालं की कोठी फुल्ल.

गुगल फोटोज आलं २०१५मध्ये. त्याच्या आधीची वर्षं भराभर ओलांडावीत अशीच आहेत. छत्तीस फोटोंचा रोल, मग बुरशी धरणाऱ्या सीडी, मग हरवणारे पेन ड्राइव्ह. ऑर्कुट २०१४त गेलं. फ्लिकरने २०१३त अख्खा एक टीबी फुकट वाटला आणि मालक बदलल्यावर, २०१८त, फुकट्यांना एक हजार फोटोंवर आणलं. तेव्हाच शहाण्याने काय ते ओळखायचं होतं.

पिकासा या फोटोंच्या प्रोग्रामाबद्दल मात्र दोन शब्द बोललेच पाहिजेत. ते आपल्याच कॉम्प्युटरवर चालायचं. हार्ड डिस्कवरच्या फोल्डरांत पडलेले फोटो जागचे न हलवता शोधून काढायचं, चेहरे ओळखायचं, ‘ही काकू का?’ असं विचारायचं, आणि हे सगळं घरातल्या घरात. इंटरनेट बंद असलं तरी त्याचं काही अडत नसे. गुगलने ते २००४मध्ये घेतलं आणि मार्च २०१६मध्ये बंद केलं. कारण हेच दिलं की आता सगळं लक्ष गुगल फोटोजवर. त्या दिवशी आपले फोटो घर सोडून गेले आणि कुणाला त्याचं सुतकही नव्हतं, कारण पलीकडे मांडव घातलेला होता.

आणि मांडव होता खरंच दणदणीत! मे २०१५पासून गुगल फोटोज सगळ्यांना फुकट, १६ मेगापिक्सेलपर्यंत आकसून घेतलेले फोटो हवे तितके. त्यात सप्टेंबर २०१६मध्ये जिओ आलं आणि सुरुवातीला दिवसाला ४ जीबी डेटा वाटत सुटलं. एरवी १०० एमबी जपून वापरणारं घर रात्रभर फोटो चढवू लागलं. मला ती वर्षं आवडायची, आजही आवडतात. गणपतीच्या आरतीचे सारखेच वीस फोटो काढायचे आणि एकही पुसायचा नाही. ‘मोदक’ असं शोधलं की मोदक समोर. आई तर जेवणाची ताटंसुद्धा ठेवायची, आणि तिला ‘हे कशाला?’ म्हणायची सोय नव्हती, कारण जागा कुणाच्या बापाची लागत नव्हती.

लागत होती, ते ११ नोव्हेंबर २०२०ला कळलं. १ जून २०२१पासून फुकट बंद. जाहीर करताना गुगलने आकडेही दिले : साठलेले फोटो ४ लाख कोटींच्या वर, आणि दर आठवड्याला आणखी २८०० कोटी फोटो-व्हिडिओंची भर. एवढा साठा आम्ही आपणहून आणून टाकला, आमच्याच अंगणातून, आमच्याच विजेवर. त्या साठ्याने त्यांच्या यंत्रांना चेहरे, कुत्री आणि मोदक ओळखायला किती शिकवलं, याची पावती काही कुणी दिली नाही.

आता त्या पहिल्या पिक्सेलकडे येऊ. भारतात तो ५७ हजारांपासून होता, म्हणून माझ्या ओळखीत कुणीच घेतला नव्हता. पिक्सेल २च्या वेळी कंपनी सावध झाली. त्याची मूळ दर्जाची सवलत जानेवारी २०२१ला संपली, पिक्सेल ३ची जानेवारी २०२२ला. पहिल्याच्या आश्वासनावर तारीख घालायची राहिली होती. फोन आहे तोवर शब्द आहे. त्याची शेवटची सुरक्षा अपडेट २०१९च्या डिसेंबरात आली, म्हणजे कंपनीच्या लेखी तो कधीच गेला; पण त्याच्या नावे दिलेला शब्द मागे राहिला. ग्राहकाला दिलेले शब्द फिरवता येतात, यंत्राला दिलेला फिरवताना निदान लाज वाटत असावी.

मी हा फोन पुण्याच्या तपकीर गल्लीत जुना घेतला. स्क्रीनवर घड्याळाचा आणि बॅटरीच्या खुणेचा फिकट डाग कायमचा उमटलाय, एक बटण दोनदा दाबावं लागतं, सिमकार्ड नाही. राउटरशेजारी पडून असतो. माझ्या रोजच्या फोनवर काढलेला फोटो सिंकथिंग नावाच्या फुकट प्रोग्रामाने घरच्या वायफायवरून त्याच्या फोल्डरात जातो. त्याला वाटतं फोटो आपणच काढला. तो इमानेइतबारे चढवतो, मूळ दर्जात, आणि माझ्या १५ जीबीतून छदामही जात नाही. अधूनमधून त्याचं पोट साफ करायचं, बस्स.

“मामा, महिन्याला एकशे तीस रुपये भर ना,” भाचा म्हणतो. शंभर जीबीचा तो भाव आहे, आणि त्याच्या एका कॉफीत दोन महिने निघतील हेही खरं. पण हे भाडं आहे, आणि भाडेकरूला घर सोडता येत नाही असं भाडं. भरणं थांबवलं आणि साठा मर्यादेबाहेर असला की नवे फोटो चढत नाहीत, मेलही येणं बंद. दोन वर्षं तसंच राहिलं तर पुसून टाकायचा हक्क कंपनीने राखून ठेवलाय. भाच्याच्या मुलीच्या बारशाचे फोटो तिच्या लग्नापर्यंत सांभाळायचे तर भाडं किती वर्षं, ते त्याने मोजावं.

माझ्या युक्तीलाही आयुष्य आहे, हे मला माहीत नाही असं नाही. चोवीस तास चार्जरला लावलेली लिथियम बॅटरी उष्णतेने फुगते, मग स्क्रीन कडेने उचलली जाते. म्हणून प्लगला टायमर बसवलाय, दिवसातून थोडा वेळच करंट. बॅटरी बदलणारा आहे, पण या मॉडेलची चांगली बॅटरी मिळवताना त्याचीही दमछाक होते. शिवाय सिंकथिंगच्या मूळ अँड्रॉइड अ‍ॅपने डिसेंबर २०२४मध्ये गाशा गुंडाळला. आता दुसऱ्यांनी चालवलेल्या शाखेवर भागतंय.

तेव्हा दिवाळीत हार्ड डिस्क आणली आणि सगळं परत घरी आणायला घेतलं. गुगलची टेकआउट नावाची सोय आहे, पोत्यापोत्याने झिप फायली मिळतात. पोतं उघडलं की फोटो एकीकडे आणि त्याची तारीख, ठिकाण वगैरे माहिती शेजारच्या वेगळ्या फायलीत. ती जोडून देणारे प्रोग्राम लोकांनी फुकट लिहून ठेवलेत. पिकासात यातलं काहीही करावं लागत नव्हतं. सध्या २०१७पर्यंत पोचलोय, गणपतीचे वीस फोटो चालू आहेत, आणि यंदा त्यातले अठरा पुसतोय.