टायर आतून का झिजतो?

तुमची जुनी चप्पल उलटी करून पाहा. टाच बहुधा एकाच बाजूने झिजलेली दिसेल. जसे पाऊल पडते, तशी झीज होते. मोटारीच्या टायरचेही तसेच असते.

माझ्दा या जपानी कंपनीने १९८९ मध्ये एमएक्स-५ ही छोटी स्पोर्ट्स कार बाजारात आणली. काही हौशी मालक तिच्या मूळ स्प्रिंगा काढून आखूड, ताठ स्प्रिंगा बसवतात. गाडी बुटकी झाली, की गुरुत्वमध्य खाली येतो. मग वळणावर बाहेरच्या चाकांकडे सरकणारा भार कमी होतो.

पण यात एक मेख आहे. सुरुवातीच्या एमएक्स-५ चे प्रत्येक चाक दोन आडव्या भुजांनी सांगाड्याला जोडलेले असते. वरची भुजा आखूड, खालची लांब. गाडी खाली बसली, की भुजांचे कोन बदलतात, चाकाचा माथा आत झुकतो आणि टायरच्या आतल्या कडेवर भार वाढतो. शिवाय चाकाचे तोंड सरळ रेषेतून किंचित वळते. हे अधिक घातक! समजा, चाक फक्त १ अंश वळले. तर १ किलोमीटर जाताना टायर सुमारे १७.५ मीटर आडवा ओढला जातो. त्रिकोणमिती शिकला असाल, तर पडताळून पाहा.

म्हणूनच गाडी खाली केल्यावर चाकांची अलाइनमेंट पुन्हा करून घ्यावी लागते. एमएक्स-५ मध्ये भुजांच्या मुळाशी असलेले बोल्ट फिरवून हे कोन जुळवता येतात.

टायर तपासताना बाहेरची कड पाहून फसू नका. आतल्या खाचा १.६ मिलिमीटरपेक्षा उथळ झाल्या, तर टायर बदलायलाच हवा. खाचांतून पाणी निसटले नाही, तर पावसात गाडी घसरते.