विजेची स्कूटर घेतांना



अंधेरी, बोरिवली, घाटकोपर किंवा मुलुंड यांपैकीं कोणत्याहि उपनगरांत सकाळच्या वेळीं हमरस्त्यावर उभें राहिलें, तर हिरव्या पाटीवर पांढरीं अक्षरें असलेल्या दुचाकी एकामागून एक जातांना दिसतात. धूर नाहीं, फारसा आवाज नाहीं आणि पेट्रोलपंपावरील रांगेंत उभें राहणें नाहीं, हें पाहून आपणहि अशी एक गाडी घ्यावी असें मध्यम स्थितींतील कुटुंबास वाटावें, हें स्वाभाविक आहे. परंतु अशा कुटुंबास सत्तर हजार ते लाख-सवा लाख रुपये ही लहान रक्कम नव्हे. पुष्कळदां ती पतपेढीच्या कर्जांतून उभी राहते. म्हणून दुकानांत पाऊल टाकण्यापूर्वीं घरीं बसून कोणत्या प्रश्नांचीं उत्तरें काढून ठेवावीं, एवढेंच आज मला सांगावयाचें आहे.

पहिला प्रश्न किंमतीचा नाहीं आणि वेगाचाहि नाहीं. गाडीला वीज कोठें मिळणार, हा पहिला प्रश्न होय. ज्याचें स्वतःचें अंगण आहे त्यास हा प्रश्न पडत नाहीं. परंतु आपल्याकडील बहुतेक माणसें चाळींत किंवा सहकारी गृहसंस्थेच्या इमारतींत राहतात. घर चौथ्या मजल्यावर, गाडी तळाशीं, आणि गाडीजवळ विजेचा खटका नाहीं, ही नेहमींची स्थिति. कांहीं गाड्यांची बॅटरी काढून घरांत नेतां येते, आणि ही सोय अनेकांस मोहविते. परंतु दोन युनिटांची बॅटरी वजनानें दहा किलोच्या आगेमागे असते. ती रोज जिना चढून नेणें हें पहिल्या आठवड्यांत वाटतें तितकें सोपें नसतें.

त्याहून गंभीर गोष्ट निराळी आहे. २०२२ च्या सप्टेंबरांत येथून जवळच, वसई येथें, घरांत विजेला लावून ठेवलेल्या स्कूटरच्या बॅटरीचा स्फोट झाला आणि सात वर्षांचा एक मुलगा भाजून पुढें दगावला. अशा दुर्घटना नित्य घडत नाहींत, हें खरें. पण घडल्या तर त्यांतून पळण्यास वेळ मिळत नाहीं. म्हणून बॅटरी घरांत न्यावीच लागली तर तिच्याबरोबर आलेलाच चार्जर वापरावा. ती दारापाशीं, वाटेंत, गादीजवळ किंवा पडद्याजवळ ठेवूं नये. सर्व मंडळी झोंपलीं असतां ती विजेला लावून ठेवूं नये. आणि पडलेली, फुगलेली किंवा भिजलेली बॅटरी तपासून घेतल्याखेरीज पुन्हां लावूं नये.

खरा उपाय तळमजल्यावर आहे. मुंबईंतील बहुतेक इमारतींत सर्व बिऱ्हाडांचे मीटर तळाशीं एका खोलींत एकत्र असतात. त्यामुळें आपल्याच मीटरापासून आपल्या गाडीच्या जागेपर्यंत तार आणणें हें काम वाटतें तितकें मोठें नसतें. त्यासाठीं संस्थेच्या कमिटीस लेखी अर्ज करावा, परवानाधारक विद्युत् ठेकेदाराकडून काम करवावें, जोडणीस नीट अर्थिंग आणि गळती होतांच प्रवाह तोडणारा खटका बसवावा. वीज आपल्याच बिलांत येत असल्यामुळें शेजाऱ्यांस तक्रारीस जागा राहत नाहीं. अंधेरी-बोरिवलीकडे वीज बहुधा अदानी किंवा टाटा कंपनीची, तर मुलुंड-भांडुपकडे मुख्यतः महावितरणची. मंजूर भार वाढवून घ्यावा लागेल कीं काय, हें आपापल्या कंपनीस आधीं विचारावें. ही परवानगी हातीं येईपर्यंत गाडीची आगाऊ रक्कम देऊं नये, असा माझा स्पष्ट सल्ला आहे.

दुसरा प्रश्न अंतराचा. आठवडाभर रोज किती किलोमीटर जाणें-येणें होतें, तें वहींत लिहून ठेवावें. समजा, एक गृहस्थ मुलुंडहून लालबहादूर शास्त्री मार्गानें गांधीनगरपर्यंत आणि तेथून जोगेश्वरी-विक्रोळी जोडरस्त्यानें अंधेरीच्या सीप्झपर्यंत कामास जातात. एका बाजूस सुमारें पंधरा, म्हणजे दिवसाकांठीं तीस किलोमीटर झाले. दुसरे गृहस्थ बोरिवलीस घरापासून स्टेशनापर्यंतच जातात. त्यांचे जाऊन-येऊन पांच किलोमीटर. या दोघांस एकच गाडी योग्य ठरणार नाहीं.

बॅटरी म्हणजे विजेची टांकी होय, आणि तिचें माप किलोवॅट-तास, म्हणजे आपल्या बिलांतील युनिट, हेंच आहे. शहरांतील रहदारींत साधारण स्कूटरला एका किलोमीटरास तीस वॅट-तासांच्या आसपास वीज लागते. म्हणजे दोन युनिटांच्या बॅटरींत साठ-पासष्ट किलोमीटर जातां येईल. जाहिरातींत यापेक्षां बराच मोठा आंकडा असतो; तो ठराविक चांचणींतील असतो. पाठीमागें माणूस, पिशवींत भाजी, दर शंभर पावलांवर ब्रेक आणि पुलांचे चढ, हें सर्व त्या आंकड्यांत येत नाहीं. त्यांतून सुमारें तिसरा हिस्सा वजा करून चालावें. शिवाय बॅटरी वर्षागणिक थोडी थोडी क्षीण होते. म्हणून रोजच्या अंतराच्या दुप्पट प्रत्यक्ष पल्ला असावा, हा नियम धरावा. त्या हिशेबानें मुलुंडच्या गृहस्थांस दोन-सवादोन युनिटांची बॅटरी पुरे. तीन-चार युनिटांच्या बॅटरीसाठीं अधिक पैसे मोजण्याचें त्यांस कारण नाहीं.

आतां अगदीं स्वस्त गाड्यांविषयीं. १९८९ च्या केंद्रीय मोटार वाहन नियमांनुसार ज्या विजेच्या दुचाकीची शक्ति २५० वॅटांहून कमी आणि कमाल वेग ताशीं २५ किलोमीटरांहून कमी असतो, ती ठराविक अटींवर मोटार वाहन मानली जात नाहीं. तिला नोंदणी किंवा लायसन्स लागत नाहीं. गल्लींतून बाजारापर्यंत जाण्यास ती पुरते. परंतु दीडशें किलो एकूण वजन घेऊन शंभरास पांच असा चढ चढतांना २५० वॅटांची शक्ति ताशीं दहा किलोमीटरांच्या पलीकडे फारशी नेत नाहीं, हें साधें गणित आहे. पश्चिम द्रुतगति महामार्गाच्या पुलावर, मागून बसगाड्या येत असतां, तो वेग धोक्याचा आहे. कोणी विक्रेता "तार बदलून वेग वाढवून देतों" असें म्हणाला, तर त्यास निक्षून नकार द्यावा. तसें करतांच ती गाडी कायद्यानें मोटार वाहन ठरते. आणि नोंदणी नाहीं, विमा नाहीं, अशा गाडीनें अपघात झाल्यास सारा भार आपल्या शिरावर येतो. हमरस्त्यानें जावयाचें असेल तर नोंदणी होणारीच गाडी घ्यावी. आणि गाडी कोणतीहि असो, शिरस्त्राण दोघांच्याहि डोक्यावर असावें.

बॅटरीच्या जातीचाहि विचार अवश्य करावा. शिशाची बॅटरी स्वस्त, पण जड आणि अल्पायुषी. लिथियमची हलकी आणि टिकाऊ. तींतहि लोह-फॉस्फेट जातीची उष्णता अधिक सोसते, मात्र तेवढ्याच विजेला थोडी जड भरते. २०२२ मधील आगींच्या घटनांनंतर सरकारनें बॅटरीच्या सुरक्षिततेचे नियम कडक केले. ते एआयएस १५६ या नांवानें ओळखले जातात आणि १ डिसेंबर २०२२ व ३१ मार्च २०२३ अशा दोन टप्प्यांनीं लागू झाले. जुनी गाडी विकत घेतांना ती या तारखांच्या आधींची कीं नंतरची, हें पाहणें म्हणूनच महत्त्वाचें आहे. आपल्या पावसाळ्यासाठीं आणखी एक खूण पाहावी: बॅटरीवर आयपी ६७ असें लिहिलें असेल, तर ती एक मीटर पाण्यांत अर्धा तास टिकते असा त्याचा अर्थ. तरी अंधेरीचा भुयारी मार्ग तुंबला असतां त्यांत गाडी घालावी, असा मात्र त्याचा अर्थ नव्हे.

शेवटीं पैशाचा हिशेब. मुलुंडच्या गृहस्थांचे महिन्यास पंचवीस दिवसांचे साडेसातशें किलोमीटर होतात. पेट्रोलची स्कूटर लीटरला पंचेचाळीस किलोमीटर जाते आणि लीटरचे शंभर रुपये पडतात असें धरल्यास साडेसोळाशें रुपये खर्च. विजेच्या गाडीस चार्जिंगमधील घट धरूनहि चोवीस-पंचवीस युनिटें लागतात. युनिटास बारा रुपये धरले तरी तीनशें रुपये. घरचा वापर तीनशें युनिटांच्या कांठावर असेल, तर वाढीव युनिटांस वरच्या टप्प्याचा दर लागतो, हें ध्यानांत ठेवावें. तरी वर्षास सोळा हजारांच्या घरांत बचत राहते. बोरिवलीच्या गृहस्थांची बचत याच हिशेबानें वर्षास तीन हजारांच्याहि आंत भरते. त्यांनीं घरची जुनी गाडी धडधाकट असेल तर खुशाल चालवावी. नवी घेणें त्यांस केवळ बचतीसाठीं परवडणार नाहीं.

या बचतीच्या विरुद्ध बाजूस बॅटरीचा खर्च मांडावा लागतो. गाडीच्या किंमतीचा तिसरा हिस्सा किंवा त्याहूनहि अधिक एकट्या बॅटरीचा असतो. म्हणून विक्रेत्याकडून तीन गोष्टी लेखी घ्याव्या: बॅटरीची हमी किती वर्षांची व किती किलोमीटरांची, तिची धारणशक्ति किती टक्क्यांखालीं गेल्यास ती बदलून मिळेल, आणि आज नव्या बॅटरीची किंमत काय. सरकारी सवलतीच्या जुन्या आंकड्यांवर विसंबूं नये. २०२३ च्या जूनमध्यें केंद्राची सवलत एकदम घटली आणि ती योजना ३१ मार्च २०२४ रोजीं संपली. पुढील योजनांत सवलत आणखी कमी झाली. नोंदणी, विमा, चार्जर यांसह हातीं पडणारी एकच रक्कम विचारावी.

नांवाच्या मोहाविषयींहि दोन शब्द. पुण्याच्या बजाजचें चेतक आणि कायनेटिकची लूना हीं आपल्या घरोघरचीं जुनीं नांवें; पहिलें २०२० मध्यें आणि दुसरें २०२४ मध्यें विजेवर परत आलें. नांवाविषयीं आपुलकी असावी. पण दुरुस्तीचें केंद्र घरापासून किती लांब आहे आणि सुटा भाग किती दिवसांत मिळतो, हें तेथें जाऊन, दारांत उभ्या असलेल्या ग्राहकांस विचारून पाहावें. नंतर गाडी मागून घेऊन, पाठीमागें घरचें माणूस बसवून, आपल्याच नेहमींच्या रस्त्यावर एक फेरी मारावी. पाय जमिनीवर नीट टेकतात काय आणि ओल्या रस्त्यावर ब्रेक कसा लागतो, हें कोणतेंहि माहितीपत्रक सांगणार नाहीं.

तात्पर्य, आधीं खटका, मग अंतर, मग बॅटरी, आणि सर्वांत शेवटीं रंग व किंमत, असा क्रम ठेवावा. दुकानांतील स्वस्ताई एका दिवसाची असते. गाडी मात्र पुढें पांच-सात वर्षें आपल्या इमारतीच्या तळाशीं उभी राहणार असते, आणि तिच्यावरच्या मजल्यांवर आपलीं व शेजाऱ्यांचीं मुलेंबाळें निर्धास्त झोंपलेलीं असतात.