पाळीव सापाची पहिली कात : ओढू नका, थांबा

मसाट (सिल्वासा) : नाग, धामण, अजगर असे आपल्याकडचे साप पाळणे १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने गुन्हा आहे. दादरा-नगर हवेली असो, गुजरात की महाराष्ट्र, नियम एकच. बॉल पायथनसारखा परदेशी साप असेल, तर २०२४ च्या नियमांप्रमाणे 'परिवेश' पोर्टलवर नोंदणी लागते.

कागद पक्के असतील तर पुढचे बघू. कात टाकण्याआधी सापाचे डोळे दुधाळ-निळसर होतात, अंगाची चमक जाते. नीट दिसत नाही म्हणून तो चिडतो, खाणेही सोडतो. घरचे घाबरतात, पण हा आजार नव्हे. या दिवसांत त्याला हातात घेऊ नका. पाण्याचे भांडे, ओलसर शेवाळाचा डबा आणि अंग घासायला खडबडीत लाकूड ठेवा. डोळे पुन्हा स्वच्छ झाले की काही दिवसांत कात तोंडाकडून सुटते आणि मोज्यासारखी उलटी निघते.

निघालेली कात तपासा. शेपटीचे टोक आणि डोळ्यांवरचे पारदर्शक पापुद्रे आलेत ना? कात तुकड्यातुकड्यांनी निघाली तर बहुतेक हवा कोरडी पडली. एसीच्या खोलीत असे होते. डोळ्यावर राहिलेला पापुद्रा चिमट्याने काढू नका, डोळा जाईल. सरळ पशुवैद्याकडे न्या.